सलाईन बंद केली तो दिवस

यवतमाळ जिल्ह्यात आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस बसल्याबरोबर विचारतो, किती सलाईन लागल्या. आजार किती मोठा होता आणि घरच्यांनी किती केले, या दोन्ही गोष्टी त्या आकड्यावरून ठरतात. मी घरी परतल्यावर हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. खरे उत्तर असे आहे की सुरुवातीला भरपूर लागल्या आणि त्यांनी मला तगवले. नंतर एका दिवशी त्या बंद केल्या, म्हणून मी वाचले. या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीसाठी आर्णी-दिग्रस भागाच्या बातम्या देते. या मजकुरातला काही भाग ऐकीव आहे, कारण तेव्हा मी धड शुद्धीवर नव्हते. तो भाग माझे पती प्रमोद, मोठा भाऊ, यवतमाळच्या डॉक्टर आणि तिथल्या सिस्टर या चौघांना वेगवेगळे विचारून लिहिला आहे. जिथे त्यांचे जुळले नाही, तिथे तसे नोंदवले आहे.

ताप

बोंडअळीने एकामागून एक हंगाम खाल्ले, ती वर्षे. कापसाच्या बातम्या संपत नव्हत्या. त्या आठवड्यात मी खरेदी केंद्रांवर फिरत होते. अशा दौऱ्यावर मी पाणी पीत नसे. तिथे बायकांसाठी सोय नसते, त्यामुळे सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत कोरडे राहायचे. गावोगाव फिरणाऱ्या बहुतेक महिला वार्ताहर हेच करतात आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आजाराचे कारण हेच, असे डॉक्टर म्हणाल्या नाहीत. एक कारण असू शकते, एवढेच म्हणाल्या.

लघवीला जळजळ होती. पाठीत एका बाजूला दुखत होते. दुचाकीवर खूप फिरणे झाले म्हणून पाठ धरली असेल, असे मी समजले. मग ताप आला, हुडहुडी भरून आला. प्रमोदचे आर्णीत दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान तसेच टाकून ते मला जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सलाईन लावली, बरे वाटले. घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला उभे राहता येईना. त्याच डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला आणि प्रमोदला म्हणाले, "इथं वेळ घालवू नका. यवतमाळले न्या."

निदान

यवतमाळच्या खासगी दवाखान्यात मला थेट अतिदक्षता विभागात नेले. तिथल्या डॉक्टरबाई मूळच्या पुसदच्या. त्यांनी प्रमोदला बाहेर बोलावून सांगितले की मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला आहे आणि त्याचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो आहे. याला सेप्सिस म्हणतात.

प्रमोदने विचारले, "म्हणजे मलेरिया नाही न, मॅडम?"

"नाही."

"मंग बरं हाय."

"बरं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मलेरिया असता तर मी जास्त खूश असते."

हा संवाद दोघांनीही जवळपास याच शब्दांत सांगितला.

रक्तदाब फार खाली होता. पहिल्या दिवशी सलाईन वेगाने गेल्या, प्रतिजैविके सुरू झाली, रक्तदाब वर ठेवणारे औषध एका छोट्या पंपातून थेंबाथेंबाने सुरू झाले. संध्याकाळपर्यंत दाब सावरला. मला आठवते ते एवढेच: पांढरे छत, यंत्राची एकसारखी टिकटिक आणि सिस्टरचा आवाज, "ताई, कूस बदला." त्या मला ताई म्हणत. वयाने माझ्याएवढ्याच असतील. ओल्या कापसाच्या बोळ्याने त्या माझे ओठ पुसत, तेवढा वेळ भीती वाटत नसे.

सूज

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बोटातली अंगठी निघेना. चेहरा सुजला होता, पाय सुजले होते, आडवे पडले की दम लागत होता. पलंगाला लावलेल्या लघवीच्या पिशवीत तळाशी थोडीशी गडद रेघ होती.

दिग्रसहून दादा आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मुकादम आहे. एरवी त्या दिवसांत त्याला जेवायला सवड नसते. त्या वर्षी कापसाच्या गाड्याच येत नव्हत्या. प्रमोदने विचारले, सुट्टी कशी मिळाली. तो म्हणाला, "कापूसच नाही तं जिनिंग कायची चालते. मालक सोताच दिवसभर पेपर वाचून राह्यला."

त्याने पलंगाभोवती फेरी मारली, पिशवी पाहिली आणि निदान केले.

"हिले पाणी कमी पडून राह्यलं. लघवी कुठून होईन? सलाईन वाढवाले सांगा."

प्रमोदलाही तेच वाटत होते. मला विचारले असते तर मीही तेच सांगितले असते. लघवी कमी झाली की पाणी प्यावे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते.

यंत्र

डॉक्टर सकाळच्या फेरीला चाकांच्या गाड्यावर ठेवलेले सोनोग्राफीचे छोटे यंत्र घेऊन आल्या. दादाने प्रमोदला हळूच विचारले, "पोटात काही हाय काय?" आमच्याकडे सोनोग्राफी म्हटले की बाळ किंवा मुतखडा. तिसरे कारण कोणाला सुचत नाही.

पोटावर लावलेली जेली फार गार होती, हे मला स्पष्ट आठवते. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी दोघांना जवळ बोलावले. मोठी शीर दाखवली. यकृताच्या मागून हृदयाकडे जाते ती. पोटातून आणि पायांतून परत येणारे रक्त तिच्यातून हृदयाकडे जाते. कृत्रिम श्वासाचे यंत्र न लावलेला माणूस आपणहून श्वास घेतो तेव्हा ती थोडी दबायला हवी. माझी दबत नव्हती. फुगून तट्ट बसली होती. मग त्यांनी यकृतातल्या आणि मूत्रपिंडातल्या शिरा पाहिल्या. यंत्रातून सूं-सूं आवाज येत होता, मध्येच तुटत होता.

"हिला पाणी कमी पडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "जास्त झालंय. पुढे जायला जागा नाही म्हणून रक्त मागे तुंबलंय. मूत्रपिंडातून रक्त बाहेर निघत नाही, म्हणून लघवी होत नाही."

"म्हणजे कालच्या सलाईन चुकल्या?" प्रमोदने विचारले.

"नाही. काल त्या दिल्या नसत्या तर आज आपण बोलत नसतो. काल गरज होती, आज नाही."

ही पद्धत तशी नवी आहे, असेही त्यांनी सांगितले. एका चित्रावरून त्या काही ठरवत नाहीत. सूज, श्वास, रक्ताच्या तपासण्या आणि शिरा, सगळे एकच सांगत होते. सलाईन बंद. शरीरातले पाणी काढणारे इंजेक्शन सुरू. उद्यापर्यंत लघवी झाली नाही तर डायलिसिस करावे लागेल. श्वास आणखी बिघडला तर कृत्रिम श्वासाचे यंत्र लावावे लागेल. त्यानंतर काय, हे प्रमोदने विचारले नाही.

पलीकडच्या पलंगावर मुकुटबनचे एक म्हातारे होते, हगवणीने खंगलेले. डॉक्टरांनी त्यांचीही शीर त्याच यंत्राने पाहिली. ती चपटी झाली होती. त्यांची सलाईन वाढवली.

दादाने हे पाहिले. "त्याले देते," तो प्रमोदला म्हणाला, "अन् आपल्याले बंद करते."

दादाचा हात

बाहेरच्या बाकावर दोघांचे वाजले. दादाचे म्हणणे साधे होते: सलाईन काढली म्हणजे डॉक्टरने हात टेकले. त्यामागे कारण होते. आमच्या वडिलांचा शेवट त्याने दवाखान्यात पाहिला होता.

"बाबांची सलाईन काढली, अन् सांजेले बाबा गेले. तवाही असंच सांगतलं होतं, आता गरज नाही म्हणून. म्या हो म्हटलं. आता नाही म्हणत."

"दादा, हे वेगळं हाय. मॅडम दाखवून राह्यल्या न पडद्यावर."

"पडद्यावर तुम्हाले काय कळलं, जवाईबापू? कार्बोरेटर हाय का तो?"

 खरोखरच प्रमोदला फारसे कळले नव्हते. दादाने नागपूरला न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळची रुग्णवाहिका सांगून टाकली. डॉक्टरांना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "नेऊ नका असं मी म्हणणार नाही, तुमचं माणूस आहे. पण असा श्वास असताना गाडीत आडवं टाकून एवढा रस्ता काढणं धोक्याचं आहे. सकाळी पुन्हा पाहू, मग ठरवा."

संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला एकेकाला आत सोडत. दादा आत आला. माझ्या डोक्याशी एक सलाईनची बाटली तशीच टांगलेली होती. प्रतिजैविक देण्यासाठी लावलेली, काम झाल्यावर नळीवरचे चाक बंद करून ठेवलेली. जवळजवळ भरलेली. दादाने सिस्टरकडे पाठ केली आणि अंगठ्याने चाक फिरवले.

"काही नाही वंदू," तो म्हणाला. "ताकदीसाठी."

हे मला आठवते. मला बरे वाटले, हेही आठवते. कोणीतरी काहीतरी करत आहे, असे वाटले.

डॉक्टर फेरीला आल्या तोपर्यंत मला बसूनही दम लागत होता. त्यांनी यंत्र आणले. सकाळपेक्षा शीर थोडी तरी सैल व्हायला हवी होती. ती आणखी भरली होती. इंजेक्शन लागू पडत नाही म्हणावे, तर पिशवीत सकाळपेक्षा किंचित जास्त लघवी होती. मग पाणी आले कुठून? त्यांनी यंत्रावरून नजर काढली आणि वर बाटलीकडे पाहिले. बाटली रिकामी होती.

सिस्टर म्हणाल्या, "मी बंद केलेली, मॅडम."

दोघांना आत बोलावले. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. "ही कोणी सोडली?"

"म्या सोडली," दादा म्हणाला.

"काहून?"

तोपर्यंत त्या आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलत होत्या. हा एक शब्द त्यांच्या घरचा होता. दादा खाली पाहत म्हणाला, "तुम्ही बंद केली म्हणून."

डॉक्टरांनी भिंतीकडच्या रिकाम्या पलंगाकडे बोट केले. "तिथं झोपा. शर्ट वर करा."

"मले काय झालं, मॅडम?"

"काही नाही झालं. म्हणूनच झोपा."

सहा फुटी मुकादम पोट उघडे टाकून निजला. जेली लागली तसा दचकला. डॉक्टरांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "ही तुमची शीर. श्वास घ्या. दबली?"

"दबली."

"सोडा. परत भरली?"

"भरली. हे तं जितं हाय."

"आता या इकडे."

जेली न पुसताच तो माझ्या पलंगाशी आला. डॉक्टरांनी यंत्र माझ्या पोटावर धरले. मी घेता येईल तेवढा श्वास घेतला. तिघेही पडद्याकडे पाहत होते. 

"दबत नाही," दादा म्हणाला.

"हिच्यात आणखी पाणी घालू?"

 दादाने विचारले, "मॅडम, पऱ्हाटीले मर लागते, तसं हाय काय हे?"

डॉक्टरांना कापसाच्या झाडाची मर माहीत नव्हती. दादाने सांगितले. लय दिवस पाऊस दडी मारते. मंग एकदम धो-धो पडते, वावर भरते. उभी पऱ्हाटी मान टाकते. नव्या माणसाले वाटते झाड तहानलं, तो आणखी पाणी सोडते. मंग झाड हातचं जाते.

"आणि जुना माणूस काय करतो?"

"चर खोदते. पाणी बाहेर काढते."

"तेच करून राह्यली मी," डॉक्टर म्हणाल्या.

प्रमोदला आता राहवले नाही. "येवढं माहीत होतं, तं चाकाले हात कायले लावला?"

दादा म्हणाला, "वावर वेगळं, बहीण वेगळी."

सिस्टरनी रिकामी बाटली काढून नेली. डॉक्टरांनी इंजेक्शनची मात्रा वाढवली, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र शेजारी आणून ठेवले. ते लावावे लागेल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तसे त्यांनी सांगितलेही.

पिशवी

पहाटे लघवी नीट सुरू झाली. पहिल्यांदा कोणाला दिसली, यावर एकमत नाही. प्रमोद म्हणतात, त्यांनी काचेतून पाहिले आणि सिस्टरला सांगितले. दादा म्हणतो, जवाई तेव्हा बाकावर घोरत होते. सिस्टर म्हणतात, दोघेही झोपले होते आणि त्यांनीच दोघांना उठवले. मला सिस्टरचे खरे वाटते.

सकाळी डॉक्टरांनी शीर पाहिली. अजून जाड होती, पण श्वासागणिक हलत होती. मूत्रपिंडातला आवाज मध्ये तुटत नव्हता. डायलिसिस करायचे कारण उरले नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, "आज उशी एक कमी करून पाहू." मी एका उशीवर टेकले आणि दम लागला नाही. मला सुटका कळली ती त्या उशीवरून.

नंतर

पुढे काही दिवस त्या विभागात, मग साध्या वॉर्डात, मग घरी. घरी आल्यावर खरा थकवा कळला. केस मुठीने गळत होते. बातमीची चार वाक्ये लिहिली की झोप येई. विनाकारण रडू येई आणि ते थांबवण्याचा उपाय सापडला नाही; ते आपोआप थांबले. प्रमोद भाकऱ्या थापायला शिकले. त्या जाड होत, पण त्याबद्दल घरात बोलायची कोणाची हिंमत नव्हती. दादा आणि प्रमोद आठवडाभर एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते.

असा आजार घरात आला असेल त्यांच्यासाठी मला कळले ते सांगते. लघवीची जळजळ आणि पाठदुखी यांच्यासोबत हुडहुडी भरून ताप आला तर पाठ धरली म्हणू नये. सलाईन सुरू केली तर का, आणि बंद केली तर का, हे दोन्ही वेळा विचारावे. आपण फक्त दुसऱ्या वेळी विचारतो. असे यंत्र सगळीकडे नसते. जिथे नसते तिथेही सूज आणि दम डोळ्यांना दिसतात, ते डॉक्टरांना सांगता येते. आणि चाकाला हात लावू नये. दादाने हे वाक्य छापायला परवानगी दिली आहे. नाव टाकू नको म्हणाला, म्हणून टाकलेले नाही.

गाडी

गाडीचे सांगायचे राहिले. त्या सकाळी सांगितल्याप्रमाणे रुग्णवाहिका दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. वर डॉक्टर शीर पाहत होत्या. पाहून झाल्यावर दादा एकटाच खाली गेला. ड्रायव्हरने मागचे दार उघडून स्ट्रेचर अर्धे बाहेर काढले होते.

"राहू द्या," दादा म्हणाला. "न्यायचं नाही आता."

ड्रायव्हरने स्ट्रेचर आत सरकवले. दार हळू लावले. सकाळी आल्या पावली गाडी परत पाठवतात, त्याचा अर्थ त्याच्या धंद्यात एकच होतो. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"केव्हा गेली, भाऊ?"

दादाच्या लक्षात आले नाही. "कोण?"

"पेशंट."

"कुठी नाही गेली बा," दादा म्हणाला. "लघवी झाली तिले."

 ड्रायव्हर टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणाला, "मंग चहा पाजा."

दादाने पाजला.